नव्या लॅपटॉपवरचं न मागितलेलं सामान: काय काढायचं, काय ठेवायचं, कुठल्या क्रमानं

रामबागकर

जेल रोडवरून नवा लॅपटॉप आणलाय. विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. स्वतःची एकही फाइल अजून टाकलेली नाही. काहीही न उघडता टास्क मॅनेजर ५ जीबीच्या वर रॅम वापरात दाखवतोय. 'इन्स्टॉल्ड ॲप्स'च्या यादीत सत्तरच्या वर नोंदी आहेत. खटकणाऱ्या या: मॅकॅफी दोनदा, शिवाय त्याचं वेबॲडव्हायझर, ड्रॉपबॉक्सची ऑफर, एक व्हीपीएन, बुकिंग डॉट कॉम, वाइल्डटँजंट गेम्स, मायक्रोसॉफ्ट ३६५ तीन भाषांत. 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' नावाच्या आठ नोंदी कसल्या ते कळत नाही. लॅपटॉपच्या कंपनीची स्वतःची दहा-बारा आहेत ती वेगळीच.

दुकानदारानं 'सगळं टाकून दिलंय' म्हणत एक पीडीएफ कन्व्हर्टर, एक ड्रायव्हर अपडेटर आणि एक पीसी क्लीनर घातलाय.

लॅपटॉप घरात तिघांच्या हातात फिरणार. आईचं मराठी टायपिंग, भावाची सीपीसीटीची (मध्य प्रदेशातली संगणक आणि टायपिंगची परीक्षा) तयारी, माझं ऑफिसचं काम. काय काढू, आणि काय काढलं तर पस्तावेन?

पेचकस

फाइली टाकायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. आज चुकलं तर फक्त वेळ जाईल, डेटा जाणार नाही.

आधी एक समजून घ्या. हे सामान तीन वेगवेगळ्या हातांनी आलंय. काही मायक्रोसॉफ्टनं घातलंय, काही लॅपटॉपच्या कंपनीनं, काही दुकानदारानं. कंपनीला सॉफ्टवेअरवाले पैसे देतात म्हणून ट्रायल आणि ऑफर येतात. यादीत नोंदीखाली प्रकाशकाचं नाव आणि तारीख दिसते, त्यावरून वाटणी करता येते. लॅपटॉप घेतल्याच्या दिवसाची तारीख असलेलं बहुतेक दुकानात टाकलेलं असतं.

काही काढण्याआधी तीन कामं.

पहिलं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का बघा. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं असेल तर बहुधा असेल. मग त्याच खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. फोनमधला फोटो चालेल, पण त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. पुढे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) काही बदललं किंवा पेन ड्राइव्हवरून बूट केलं तर निळ्या पडद्यावर हीच की मागतात, आणि ती नसेल तर आतला डेटा गेला म्हणून समजा.

दुसरं, स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन 'ऑफ' असेल तर 'कॉन्फिगर'मधून चालू करा, ५ टक्के जागा पुरे, आणि एक पॉइंट बनवून ठेवा.

तिसरं, कंपनीचं रिकव्हरी माध्यम, म्हणजे लॅपटॉप परत मूळ अवस्थेत आणणारा पेन ड्राइव्ह. एचपीचं क्लाउड रिकव्हरी टूल, डेलचं ओएस रिकव्हरी टूल, लेनोवोचं यूएसबी रिकव्हरी क्रिएटर. ३२ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जातं. हा एक पेन ड्राइव्ह कपाटात असला की पुढच्या सगळ्या प्रयोगांची भीती जाते.

पेचकस

आता काढायचा क्रम. सुरुवात अँटिव्हायरसपासून, कारण तो बाकीच्या अनइन्स्टॉलरच्या मध्ये येतो आणि रॅमही त्याचीच जास्त असते.

मॅकॅफीच्या दोन नोंदी दिसतात त्यातली एक जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम असते, दुसरी स्टोअरचं ॲप. दोन्ही काढा, वेबॲडव्हायझरही वेगळं काढा. मग रीस्टार्ट. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप असतं, शट डाउनमध्ये कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, झोपवून ठेवतात, त्यामुळे अर्धवट निघालेले ड्रायव्हर तसेच जागे होतात. रीस्टार्टच हवं.

रीस्टार्टनंतरही अवशेष दिसले तर मॅकॅफीचं स्वतःचं एमसीपीआर नावाचं साधन आहे. ते मॅकॅफीच्याच साइटवरून घ्या. ते मधेच वाकडीतिकडी अक्षरं दाखवून टंकायला लावतं, लहान-मोठी जशी असतील तशी टंका. शेवटी पुन्हा रीस्टार्ट मागतं. नॉर्टन असेल तर त्यांचं 'रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल' साधन, त्यात 'ॲडव्हान्स्ड'मध्ये फक्त काढायचा पर्याय मिळतो.

मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर चालू झालाय का बघा. एरवी तो आपोआप उभा राहतो. नसेल राहिला तर आधीच्याचं काहीतरी अजून शिल्लक आहे, एमसीपीआर परत चालवा. घरगुती वापराला डिफेंडर पुरेसा आहे.

एचपीच्या काही मॉडेलवर 'वुल्फ सिक्युरिटी' येतं. त्यात क्रम पाळावा लागतो. आधी 'एचपी वुल्फ सिक्युरिटी', मग 'एचपी वुल्फ सिक्युरिटी कन्सोल', मग 'एचपी सिक्युरिटी अपडेट सर्व्हिस'. शेवटचं राहिलं तर पहिलं परत येऊ शकतं.

लोकमान्यनगर

दुकानदारानं टाकलेल्या तिन्ही गोष्टी आजच काढा, मॅकॅफीच्याही आधी काढल्या तरी चालेल. ड्रायव्हर अपडेटर आणि पीसी क्लीनर या दोन्ही जाती लॅपटॉपचं भलं करत नाहीत. क्लीनर 'चारशे त्रुटी सापडल्या' म्हणतो त्या रजिस्ट्रीतल्या निरुपद्रवी रिकाम्या नोंदी असतात. त्या काढून वेग वाढत नाही, एखादी कामाची उडाली तर प्रोग्रॅम मात्र बंद पडतो.

आणि हे न चुकता तपासा. विंडोज + आर दाबा, 'सीएमडी' उघडा, 'एसएलएमजीआर' लिहून जागा सोडून '/डीएलआय' टंका, अर्थात रोमनमध्ये. छोटी खिडकी येईल. तिच्यात 'ओईएम डीएम चॅनल' दिसलं तर विंडोज लॅपटॉपसोबत आलेलंच आहे. 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट चॅनल' दिसलं तर घरच्या लॅपटॉपला कुणीतरी चोरटं ॲक्टिव्हेशन लावलंय. असे ॲक्टिव्हेटर बऱ्याचदा डिफेंडरला आंधळं करून ठेवतात. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली 'एक्सक्लूजन्स'. तिथे तुम्ही न घातलेला एकही फोल्डर दिसला तर हातानं साफ करत बसू नका, सरळ क्लीन इन्स्टॉल करा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाका. मशीनची अस्सल किल्ली मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते, ती इन्स्टॉलर स्वतः वाचतो. नवी विकत घ्यावी लागत नाही.

रामबागकर

बघितलं. 'ओईएम डीएम' आहे. एक्सक्लूजन्स रिकामं. तिन्ही काढले, मॅकॅफी काढून रीस्टार्ट केलं, डिफेंडर हिरवा. रॅम ३.९ वर आली.

आता कंपनीची दहा-बारा आणि ते व्हिज्युअल सी प्लस प्लस. शिवाय ऑफिस तीन भाषांत का?

पेचकस

व्हिज्युअल सी प्लस प्लसला हात लावू नका. २००८, २०१०, २०१३ आणि २०१५ ते २०२२ अशा पिढ्या असतात, प्रत्येकीचा ३२ बिट आणि ६४ बिट असा जोड. दुसऱ्या प्रोग्रॅमना लागणारी ही सामायिक लायब्ररी आहे. काढली की कुठला तरी प्रोग्रॅम 'अमुक डीएलएल सापडली नाही' म्हणून उघडायचा थांबतो, आणि कुठली पिढी परत टाकायची ते शोधत बसावं लागतं. रॅम ती खातच नाही, डिस्कवर काही एमबी घेते. 'एज वेबव्ह्यू२ रनटाइम'चंही तेच. नाव एजचं असलं तरी नवं आउटलुक, टीम्स, विजेट्स त्याच्यावर चालतात.

ऑफिस काढण्याआधी थांबा. डब्यावर किंवा बिलावर 'ऑफिस होम' लिहिलंय का बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपबरोबर एकरकमी कायमचं ऑफिस येतं. ते वर्ड उघडून मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडावं लागतं, आणि त्याला मुदत असते. म्हणून पहिल्या आठवड्यातच जोडून टाका. एकदा खात्याला लागलं की काढलं तरी खात्यातून परत उतरवता येतं. जोडायच्या आधी काढून बसलात तर उगाच धावपळ.

भाषांच्या नोंदी वेगवेगळ्या देशांसाठी एकच साचा वापरल्यामुळे येतात. इंग्रजीची ठेवा, फ्रेंच आणि स्पॅनिश काढा. प्रत्येक भाषेला पाच-दहा मिनिटं लागतात आणि एका वेळी एकच निघते. घाई करून दोन एकदम चालू केलीत तर दुसरी 'इन्स्टॉलर व्यग्र आहे' म्हणून अडते.

सुदामानगर

कंपनीच्या सॉफ्टवेअरबद्दल मी लिहिते, कारण इथेच लोक हात भाजून घेतात. 'सपोर्ट', 'कंट्रोल', 'सर्व्हिस' असली नावं एकसारखी कंटाळवाणी दिसतात, पण त्यात काही लॅपटॉपचे हातपाय असतात.

एचपीत 'सिस्टिम इव्हेंट युटिलिटी' काढली की एफएनच्या रांगेतल्या काही कळा मुक्या होतात. लेनोवोत 'हॉटकीज' किंवा 'युटिलिटी', असूसमध्ये 'सिस्टिम कंट्रोल इंटरफेस', तीच गोष्ट. लक्षण ओळखायचं कसं? म्यूटची कळ दाबली की आवाज बंद होतो, पण कळीवरचा छोटा दिवा लागत नाही. किंवा ब्राइटनेस बदलतो, पण पडद्यावर पट्टी येत नाही. असं झालं तर कीबोर्ड बिघडलेला नाही, ही सेवा गेलेली आहे.

लेनोवो व्हँटेज, मायअसूस आणि डेलचं पॉवर मॅनेजर यांच्यात बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते. चार्जर दिवसभर लावून ठेवणाऱ्यांनी ती वापरावी, लिथियम बॅटरी सतत शंभरावर ठेवली की लवकर थकते. म्हणून हे एक ॲप ठेवा, फक्त त्याच्या आतल्या 'नोटिफिकेशन' आणि 'ऑफर्स' बंद करा.

डॉल्बी, वेव्हज मॅक्सऑडिओ, बँग अँड ओलुफ्सेन अशा नावाचं आवाजाचं जे असेल ते ठेवा. लॅपटॉपचे स्पीकर मुळात बारके असतात, कंपनीनं त्यांचा आवाज सॉफ्टवेअरनं भरलेला असतो. ते काढलं की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. रिअलटेक, इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्स, टचपॅडचं सिनॅप्टिक्स किंवा इलान, बोटाच्या ठशाचा ड्रायव्हर, सगळं ठेवायचं.

जाऊ द्यायचं ते हे: वॉरंटी नोंदणीची आठवण करणारं, 'वेलकम', 'डॉक्युमेंटेशन', 'प्रॉडक्ट इम्प्रूव्हमेंट' किंवा 'टेलिमेट्री', खरेदीच्या साइटचे शॉर्टकट, गेम्सचा अख्खा वाइल्डटँजंट संच, व्हीपीएनची ट्रायल, ड्रॉपबॉक्सची ऑफर. यातलं काहीही काढून हार्डवेअरला धक्का लागत नाही आणि वॉरंटीही जात नाही. तपासणीचं साधन हवंच असेल तर ते विंडोजबाहेरही असतं. एचपीत चालू करताना एस्केप आणि मग एफ२, डेलमध्ये एफ१२ दाबून 'डायग्नोस्टिक्स'.

एका वेळी तीन-चारच काढा. रीस्टार्ट करा, आवाज, वायफाय, टचपॅड, एफएनच्या कळा, कॅमेरा तपासा, मग पुढची चार. वीस एकदम काढून काहीतरी बिघडलं तर वीसातलं कुठलं ते शोधणार कसं?

खान_नदी

एवढं सगळं हातानं कशाला? गिटहब या साइटवर तयार डिब्लोट स्क्रिप्ट, म्हणजे नको ते सामान एका झटक्यात काढणारे आदेश, मिळतात. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडायचं, एक ओळ चिकटवायची, पाच मिनिटांत काम.

सुदामानगर

ती एक ओळ इंटरनेटवरून मजकूर उतरवते आणि न दाखवता पूर्ण अधिकारांनी चालवते. आज ती चांगली असेलही. पण काय काय काढलं हे तुम्हाला कळत नाही, आणि त्रास सहा आठवड्यांनी होतो तेव्हा त्या ओळीची आठवणही राहत नाही.

नेहमी बघायला मिळणारं उदाहरण देते. स्क्रिप्ट 'एक्सबॉक्स गेम बार' उडवते. नंतर कुठलाही गेम उघडला की 'हा एमएस-गेमिंगओव्हरले दुवा उघडायला नवीन ॲप लागेल' अशी पाटी येत राहते. लोकांना वाटतं व्हायरस आला. गेम बार स्टोअरमधून परत टाकला की पाटी जाते. दुसरं, काही स्क्रिप्ट मायक्रोसॉफ्ट स्टोअरच काढतात. मग कॅलक्युलेटरसुद्धा परत आणायला दार उरत नाही. तेव्हा ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डब्ल्यूएसरीसेट' आणि पुढे 'हायफन आय' दिलं की स्टोअर परत येतं, हे लिहून ठेवा.

स्क्रिप्ट वापरायचीच असेल तर फाइल आधी उतरवा, नोटपॅडमध्ये उघडा आणि काढायच्या यादीतली एकेक ओळ वाचा. वाचून कळत नसेल तर चालवू नका.

पेचकस

ताईंशी पूर्ण सहमत. मात्र पॉवरशेलची एक गोष्ट रामबागकरांना लागणार आहे, कारण घरात तिघांची तीन खाती होणार.

सेटिंग्जमधून स्टोअरचं ॲप काढलं की ते फक्त तुमच्या खात्यातून जातं. विंडोजकडे 'प्रोव्हिजन्ड' ॲपची वेगळी यादी असते, नवं खातं उघडलं की त्या यादीतून सगळं पुन्हा बसवलं जातं. आईंचं खातं उघडल्यावर सॉलिटेअर आणि मंडळी परत दिसली तर दचकू नका, कारण हे आहे.

ती यादीच छाटायची. ॲडमिन पॉवरशेलमध्ये 'गेट-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज', पुढे 'हायफन ऑनलाइन'. प्रत्येक ॲपचं 'डिस्प्लेनेम' आणि लांबलचक 'पॅकेजनेम' येईल. नको त्याचं पूर्ण पॅकेजनेम माउसनं निवडून कॉपी करा. मग 'रिमूव्ह-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज', 'हायफन ऑनलाइन', 'हायफन पॅकेजनेम', आणि कॉपी केलेलं नाव. सगळं रोमनमध्ये टंकायचं. पॅकेजनेम अर्धं दिलंत तर चालत नाही, आवृत्तीच्या आकड्यासकट पूर्ण हवं. हे बाकीची खाती उघडायच्या आधी करा.

काही नावांवर काढताना '०एक्स८००७३सीएफए' ही त्रुटी येते. ते ॲप विंडोजचा भाग असतं आणि काढू देत नाही. तिथे हट्ट धरू नका. भारतात मायक्रोसॉफ्ट एजचंही असंच आहे. युरोपात कायद्यामुळे ते काढता येतं, आपल्याकडे सेटिंग्जमध्ये 'अनइन्स्टॉल' फिकट दिसतं. एज डीफॉल्टवरून हटवा, स्टार्टअपमधून बंद करा, त्याच्या सेटिंग्जमधलं 'स्टार्टअप बूस्ट' काढा, तेवढं पुरे.

रामबागकर

स्टार्ट मेनूत लिंक्डइन, व्हॉट्सॲप वगैरे दिसतात पण 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये सापडत नाहीत. आणि वनड्राइव्ह नको आहे, तेही काढून टाकू ना?

लोकमान्यनगर

ती चित्रं निव्वळ दुवे आहेत, ॲप उतरलेलंच नसतं. त्यावर क्लिक केलं की मगच उतरतं. उजवी क्लिक, 'अनपिन'. परत येऊ नयेत म्हणून पर्सनलायझेशन, स्टार्टमध्ये टिपा आणि नव्या ॲपच्या शिफारशी बंद करा. सिस्टिम, नोटिफिकेशन्स, अगदी तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज' असते, तिथल्या तिन्ही चौकटी काढा. ही तळाची जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि मग 'तुमचं सेटअप पूर्ण करा' हा पडदा दर थोड्या दिवसांनी पूर्ण स्क्रीन व्यापून येतो.

वनड्राइव्हला मात्र आत्ता थेट काढू नका. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करताना बॅकअप चालू झालेला असतो. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात हलवलेले असतात. त्या अवस्थेत ते उपटलं की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि माणूस हादरतो. फाइली सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह, डेस्कटॉप इथे असतात. पण ज्या फक्त ढगाचं चिन्ह दाखवत होत्या त्या डिस्कवर नसतातच, त्या वेबवरून उतरवाव्या लागतात. मोफत जागा ५ जीबी, ती भरली की पुढच्या फाइली चढत नाहीत आणि लाल फुलीची कटकट सुरू होते.

क्रम असा. घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक, दाताचं चक्र, सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप'. तिन्ही फोल्डर एकेक करून बंद. फाइली कुठे ठेवायच्या विचारलं तर या संगणकावर ठेवायला सांगा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये 'डेस्कटॉप' फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन' बघा. मार्गात 'वनड्राइव्ह' शब्द उरलेला नाही ना? नसेल तर 'अकाउंट'मधून 'अनलिंक', आणि मगच अनइन्स्टॉल.

जुनी_इंदूर

थोडं वेगळं मत मांडतो. एकही फाइल नसलेल्या लॅपटॉपला क्लीन इन्स्टॉलच करावं. दीड तासात पाटी कोरी होते, प्रोव्हिजन्ड यादी छाटायचा व्यापही कमी.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह. बूट मेनूला एचपीत एफ९, डेल आणि लेनोवोत एफ१२, असूसमध्ये एस्केप. एसरमध्ये एफ१२ आधी बायोसमधून चालू करावं लागतं. इन्स्टॉलरमध्ये 'टाइम अँड करन्सी'ला 'इंग्लिश वर्ल्ड' निवडा. प्रदेश ठरत नसल्यामुळे जाहिरातीची ॲप कुठल्या देशाची घालायची ते विंडोजला कळत नाही. सेटअपच्या मध्यावर 'ओओबीई रीजन' त्रुटी आली तर 'स्किप'. सगळं झालं की 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये देश भारत करा, नाहीतर स्टोअर चालत नाही.

'रीसेट धिस पीसी' आणि क्लीन इन्स्टॉल एकच नव्हे. रीसेटमध्ये कंपनीनं ठेवलेला साचा परत लागू शकतो. 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'रिस्टोअर प्रीइन्स्टॉल्ड ॲप्स' असा पर्याय दिसला तर तो 'नो' करा.

पेचकस

पद्धत बरोबर. त्यात तीन खड्डे आहेत तेवढे भरतो.

एक, डिस्कच दिसत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या थरामागे असते आणि इन्स्टॉलर 'ड्राइव्ह सापडला नाही' म्हणतो. इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर सुटा करून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'नं दाखवा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचा सल्ला मिळेल. तसं केलं तर आधीचं विंडोज बूट होत नाही, हे माहीत असू द्या.

दोन, वायफाय नाही. सेटअप नेटवर्क मागतो आणि ड्रायव्हर नसल्यामुळे यादी रिकामी. फोन केबलनं जोडा, फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, विंडोजला तो लॅन कार्डासारखा दिसतो. त्याहून चांगलं म्हणजे आधीच सगळे ड्रायव्हर काढून ठेवणं. डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर 'ड्रायव्हर्स' फोल्डर आधी बनवा, कारण नसलेला फोल्डर तो आदेश स्वतः बनवत नाही. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयएसएम /ऑनलाइन /एक्सपोर्ट-ड्रायव्हर /डेस्टिनेशन:', पुढे फोल्डरचा मार्ग. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसेल तिथे 'अपडेट ड्रायव्हर' करून तोच फोल्डर दाखवायचा. पेन ड्राइव्हवर ठेवलंत तर इन्स्टॉलरचा वेगळा आणि हा वेगळा.

तीन, फर्मवेअर. विंडोज ८ पासून मदरबोर्ड स्वतःजवळची एक फाइल विंडोजला चालवायला देऊ शकतो, डब्ल्यूपीबीटी नावाच्या तक्त्यातून. त्यामुळे कोऱ्या विंडोजवरही कंपनीचं ॲप उगवतं. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही मॉडेलवर याच वाटेनं येणारी सर्व्हिस उघडकीला आली, नंतर कंपनीनं ती काढणारं बायोस दिलं. असूसच्या बोर्डवर 'आर्मरी क्रेट' डाउनलोड करण्याचा, गिगाबाइटच्या बोर्डवर 'ॲप सेंटर'चा पर्याय बायोसमध्ये असतो. तो 'डिसेबल्ड' करा, नाहीतर कितीही वेळा काढा, ते येतच राहणार.

माझं मत विचाराल तर एक्सक्लूजन्स रिकामे आणि विंडोज अस्सल असताना रामबागकरांनी हातानंच साफ करावं. हॉटकी, आवाज, बॅटरी हे सगळं कंपनीनं बसवून दिलेलं आहे, ते पुन्हा जुळवण्यात वाचलेला वेळ जातो.

खान_नदी

स्क्रिप्टचा नाद सोडला. सुरक्षेच्या दृष्टीनं हे सामान खरंच धोक्याचं असतं, की फक्त रॅम खातं?

लोकमान्यनगर

बहुतेक फक्त जागा आणि रॅम खातं. पण धोक्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवरचं 'सुपरफिश' गाजलं. जाहिराती घुसवण्यासाठी त्यानं स्वतःचं रूट सर्टिफिकेट (साइट अस्सल आहे हे ज्याच्या भरवशावर ठरतं ते) बसवलं होतं, आणि सगळ्या मशीनवर खाजगी किल्ली एकच. ती किल्ली बाहेर आल्यावर कुणालाही बँकेची खोटी साइट कुलपाच्या चिन्हासकट दाखवता आली असती. त्याच वर्षी नोव्हेंबरात डेलचं 'ईडेलरूट' सापडलं. तिथे नुसतं सर्टिफिकेट पुसून भागत नव्हतं, एक डीएलएल ते परत बसवायची. आधी ती डीएलएल, मग सर्टिफिकेट, असा क्रम लागायचा.

तपासायचं तर विंडोज + आर, 'सर्टएमजीआर डॉट एमएससी', 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज', 'सर्टिफिकेट्स'. ही यादी हौसेनं पुसायची नाही. ओळखीची नसलेली नावंही बहुतेक अस्सल असतात. एखाद्या जाहिरातीच्या किंवा कूपनच्या सॉफ्टवेअरचं नाव तिथे दिसलं तरच काळजी.

रामबागकर

हातानं साफ करणं चालू आहे, प्रोव्हिजन्ड यादी छाटली, आता दोन खाती उघडतो. रॅम ३.२. आईच्या जुन्या पत्रांचा फाँट मंगल आहे आणि या लॅपटॉपवर ती पत्रं उघडली की ओळी पुढेमागे सरकतात. काढताना फाँट गेला का?

सुदामानगर

नाही, तो मुळात आलेलाच नव्हता. विंडोज १० पासून देवनागरीसाठी निर्मला यूआय तेवढा सोबत येतो. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या पुरवणीत गेलेत. मंगल नसला की वर्ड निर्मला लावतो, अक्षरांची रुंदी वेगळी, म्हणून ओळी तुटतात.

सेटिंग्ज, सिस्टिम, 'ऑप्शनल फीचर्स', 'ॲड', त्यात देवनागरी शोधा आणि बसवा. किंवा 'लँग्वेज अँड रीजन'मध्ये मराठी जोडा, फाँट आपोआप येतात. आईंना इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या मांडणीची सवय नसेल तर तिथेच मराठीच्या तीन ठिपक्यांत 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड जोडा. 'नमस्कार' इंग्रजी अक्षरांनी टंकलं की देवनागरी उमटतं. विंडोज + स्पेस दाबून भाषा बदलते.

भावाच्या सीपीसीटीला हिंदीसाठी रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी लागते. रेमिंग्टन गेल विंडोजमध्ये आयतं नसतं, हिंदी इंडिक इनपुटमधून मिळतं. आपल्याकडे अनेक कार्यालयांत अजून कृतिदेव चालतो. तो युनिकोड नाही, फाँट नसेल तर अख्खं हिंदी पत्र रोमन अक्षरांच्या खिचडीसारखं दिसतं. जुन्या संगणकाच्या 'विंडोज' फोल्डरातल्या 'फाँट्स'मधून कृतिदेव ०१० कॉपी करा, इथे फाइलवर उजवी क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. नुसतं 'इन्स्टॉल' केलंत तर तो एकाच खात्यात बसेल, भावाच्या खात्यात दिसणार नाही.

रामबागकर

मंगल आला, पत्रं जागेवर बसली. कृतिदेव 'फॉर ऑल यूजर्स' केला. एकच राहिलं, चालू केल्यावर पहिली दोन मिनिटं पंखा जोरात फिरतो.

पेचकस

कंट्रोल + शिफ्ट + एस्केप, 'स्टार्टअप ॲप्स'. 'स्टार्टअप इम्पॅक्ट'च्या रांगेवर क्लिक करून 'हाय' वर आणा. टीम्स, एज, कंपनीचं अपडेटर, फोन लिंक 'डिसेबल' करा. आवाज आणि टचपॅडचं ठेवा. मग 'प्रोसेसेस'मध्ये सीपीयूच्या रांगेवर क्लिक करून चालू झाल्याबरोबर वर कोण येतं ते बघा. नव्या लॅपटॉपवर पहिले दोन-तीन दिवस 'सर्च इंडेक्सर', 'विंडोज अपडेट' आणि डिफेंडरचं 'अँटिमालवेअर सर्व्हिस' वर दिसतील. चार्जर लावून रात्रभर चालू ठेवा, पॉवर सेटिंगमध्ये चार्जरवर असताना 'स्लीप' हे 'नेव्हर' करून. त्यांचं काम उरकलं की पंखा आपोआप गप्प होतो. चौथ्या दिवशीही फिरत राहिला तर सीपीयूच्या रांगेतलं सगळ्यात वरचं नाव इथे टाका.

रामबागकर

आत्ता सगळ्यात वर 'अँटिमालवेअर सर्व्हिस' आहे, तीस टक्के. चार्जर लावून ठेवतो. शनिवारी आकडा लिहितो.